खड्डा भरल्यावर

गावात संडास झाले म्हणजे काम झाले, असे मानण्याची आपल्याकडे आता रीत पडली आहे. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले, आणि गावोगावच्या वेशीवर तशा पाट्या लागल्या. त्याआधी २००० सालापासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने पुष्कळशी जमीन नांगरून ठेवली होती. हे काम लहान नव्हे. पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायकांनी गाडीचा उजेड दिसताच उठून उभे राहावे, ही विटंबना ज्या गावांतून गेली त्या गावांनी खरोखरच एक मोठा पल्ला गाठला आहे. परंतु भिंती, दार, पत्रा आणि भांडे हा संडासाचा केवळ दिसणारा भाग होय. खरा संडास जमिनीखाली असतो. माणूस दार लोटून बाहेर आला की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. मैल्याचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. तो कोठे जातो, आणि खड्डा किंवा टाकी भरली म्हणजे त्याला हात कोणी लावायचा, या प्रश्नाचा विचार संडास बांधतानाच व्हावयास हवा. तो बहुधा होत नाही. आणि म्हणूनच आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

प्रथम या पदार्थाची ओळख करून घेतली पाहिजे. मोठे माणूस रोज सुमारे पाव किलो मैला टाकते. त्यात तीन हिस्से पाणीच असते. पाच माणसांच्या घराचा वर्षाचा हिशेब केला तर चार-साडेचार क्विंटल भरतो. हा ढीग नुसता घाण वाटणारा असता तर फारशी चिंता नव्हती. पण पटकी, विषमज्वर, हगवण, पोलिओ, कावीळ या सर्वांचे जंतू मैल्यातून बाहेर पडतात आणि पाणी, माशा, हात वा भाजीपाला यांच्या वाटेने पुन्हा तोंडाशी येतात. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या पात्रात बदल होऊन शहराच्या नाल्याचे घाण पाणी थेट पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागी आले होते. पाणी शुद्ध करणारे केंद्र चालू होते, तरीही सुमारे २९ हजार लोक त्या साथीत पिवळे झाले. ती ई प्रकारची कावीळ होती असे पुढे अनेक वर्षांनी ठरले. राजधानीत, शुद्धीकरणाची सोय असताना हे घडते, तर ज्या वाडीत आड आणि संडास यांच्यामध्ये चार पावलांचे अंतर आहे तेथील गोष्ट बोलावयासच नको.

या जंतूंत सर्वांत चिवट कोण, असे विचारले तर उत्तर मिळेल, जंताचे अंडे. साधारण रोगजंतू अंगाबाहेर पडल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतात. जंताची अंडी मात्र ओलसर मातीत महिनोन् महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, तग धरतात. त्यांना मारण्याचे उपाय तीन. चांगली उष्णता द्यावी, पुरते वाळवावे, किंवा वाट पाहावी. उष्णतेला सरपण किंवा यंत्र हवे, वाळवायला मोकळी जागा आणि कोणीतरी हलविणारा हवा. वाट पाहण्याला काहीच लागत नाही. आपल्या उष्ण हवेत मैला जमिनीखाली, नवी भर न पडता, दोन वर्षे पडून राहिला तर त्याची माती होते आणि ती माती निर्धोक असते. खेड्यातील मैल्याच्या प्रश्नाची किल्ली, आमच्या मते, या दोन वर्षांत आहे.

ही वाट पाहण्याची सोय ज्यात मुळातच आहे असा संडास म्हणजे दुहेरी खड्ड्याचा संडास होय. त्याची रचना कोणाही गवंड्याला अर्ध्या दिवसात समजेल. भांडे चांगले उतरते असते, म्हणून दोन लिटर पाण्यात ते धुऊन निघते. भांड्याखाली वाकडी नळी बसवितात. तिच्यात दोन बोटे पाणी कायम अडून राहते आणि हे पाणीच कुलपाचे काम करते. खालची दुर्गंधी वर येत नाही आणि वरची माशी खाली जात नाही. पुढे एक लहानशी कुंडी असते व तिच्यातून इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे दोन वाटा फुटून दोन खड्ड्यांकडे जातात. एक वाट वीट आणि मातीने बंद ठेवायची, दुसरी चालू. पाच-सहा माणसांच्या घराला एक मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास खोल असा खड्डा पुरतो. त्याची भिंत जाळीदार बांधावयाची, म्हणजे विटांमध्ये फटी ठेवावयाच्या, आणि तळ मोकळा सोडावयाचा. पाणी व लघवी त्या फटींतून जमिनीत मुरते, वायू मातीत जिरतात, घट्ट भाग तळाशी कुजत राहतो. म्हणूनच या खड्ड्याला वर वाफेचा नळ लागत नाही. तो लावलेला दिसला तर गवंड्याने काम दुसऱ्या कशाचे तरी पाहून केले आहे, असे खुशाल समजावे.

पहिला खड्डा भरावयास तीन वर्षे तरी लागतात. भरला की कुंडीवरील झाकण उचलून वीट इकडची तिकडे करावी. दुसरा खड्डा भरेपर्यंत पहिल्यातील मैल्याची काळपट, भुसभुशीत, वास नसलेली माती झालेली असते. घरधन्याने खोरे-घमेले घेऊन ती स्वतः काढावी. दोन्ही खड्ड्यांच्या मध्ये निदान एक मीटर जागा सोडणे मात्र अगत्याचे. नाहीतर चालू खड्ड्यातील पाणी झिरपून विश्रांती घेणाऱ्या खड्ड्यात जाते आणि दोन वर्षांचा हिशेब फुकट जातो. न्हाणीघराचे व भांडी घासण्याचे पाणीही या खड्ड्यात सोडू नये. ते मुरण्याइतकी जमिनीची ताकद नसते, आणि खड्डा अकाली भरतो.

येथे जमिनीचा विचार करावा लागतो, आणि नकाशे काढून देणाऱ्या कचेऱ्यांत तो नेमका राहून जातो. महाराष्ट्राची माती एका जातीची नाही. देशावर मुरमाड जमीन असेल तेथे हा संडास उत्तम चालतो. काळ्या कपाशीच्या जमिनीत पाणी मुरता मुरत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कच्ची भिंत ढकलून देते. तेथे खड्डा थोडा मोठा घ्यावा आणि भोवती वीतभराहून अधिक जाडीचा वाळू-खडीचा थर भरावा. कातळावर खणणेच कठीण. तेथे खड्ड्याचा काही भाग जमिनीवर उचलून भोवती मातीचा ओटा करावा लागतो. कोकणातील जांभा दिसायला दगड, पण भोकाभोकांचा. त्यातून पाणी गाळले न जाता सरळ धावते, आणि चार महिन्यांच्या पावसात विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर येते. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातील पाण्याची पातळी यांत दोन मीटर अंतर राहिले आणि माती बारीक असली, तर विहिरीपासून तीन मीटरवरही खड्डा चालतो असे जाणकार सांगतात. भरड मातीत, अथवा पाणी उथळ असेल तेथे, दहा मीटर तरी दूर जावे. तेवढी जागा नसेल तर तळ पक्का बंद करून चहूबाजूंनी अर्धा मीटर बारीक वाळू भरावी. जांभ्यात आम्ही तर म्हणू की याहूनही दूर जावे, आणि विहिरीच्या चढावर खड्डा कधी घेऊ नये. एकच नकाशा सिंधुदुर्गापासून यवतमाळपर्यंत लावला तर काही संडास पहिल्याच पावसाळ्यात तुंबणार, यात नवल कसले?

देहूचे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. डॉ. सु. वि. मापुस्कर १९६० च्या सुमारास तेथील आरोग्यकेंद्रात आले. आरंभी बांधलेले काही संडास पावसाळ्यात खचले आणि लोकांचा विश्वास उडाला. डॉक्टरांनी हट्ट न सोडता जमिनीला व लोकांना मानवेल अशी रचना शोधली, घरोघर फिरून ती समजावली, आणि पुढे मैल्यापासून जळणाचा वायू देणारा संडासही सिद्ध केला. हे काम त्यांनी आयुष्यभर केले. २०१५ साली ते वारले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दुहेरी खड्ड्याचा प्रसार देशभर ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केला ते सुलभचे डॉ. बिंदेश्वर पाठक. त्यांचे काम १९७० साली बिहारात सुरू झाले, आणि ते २०२३ साली निवर्तले.

इतकी सोपी आणि स्वस्त रचना हाताशी असताना लोक काय बांधतात? लोक बांधतात सेप्टिक टाकी. आणि तीही अशी की तिला टाकी न म्हणता हौद म्हणावे. दहा फूट लांब, आठ फूट खोल, "पन्नास वर्षे पाहायला नको" अशा हमीची. ही टाकी घराच्या प्रतिष्ठेचा भाग झाली आहे. वस्तुतः सेप्टिक टाकी मैला नाहीसा करीत नाही. ती फक्त गाळ खाली बसविते, साय वर धरते आणि मधले पाणी पुढे सोडते. ते पाणी दिसायला बरे असले तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याला पुढे शोषखड्डा हवा. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक घरांतून ते पाणी नळाने सरळ गटारात सोडलेले असते. गटार नाल्याला, नाला नदीला, आणि नदीवर खालच्या गावची पाणीयोजना. म्हणजे पूर्वी जे उघड्यावर होते तेच आता नळातून चालले आहे. शिवाय गाळ दोन-तीन वर्षांनी काढला नाही तर टाकी नुसती वाट होते. जे येते ते तसेच पुढे जाते. पन्नास वर्षे न पाहिलेली टाकी म्हणजे पन्नास वर्षे नापास झालेली टाकी.

मोठ्या खड्ड्याचे हे वेड कोठून येते? डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स या दोघांनी उत्तर भारतातील खेड्यांचा अभ्यास करून २०१७ साली एक पुस्तक लिहिले. त्यांना असे आढळले की लोकांना लहान खड्डा नको असतो, कारण तो भरेल. आणि भरला तर तो उपसण्याचे काम आपले नव्हे, ते विशिष्ट जातीचे, असे त्यांच्या मनात पक्के असते. आम्हांला वाटते, महाराष्ट्राने हे वाचून उत्तरेकडे बोट दाखवू नये. आपल्याकडील आठ फूट खोल हौदही त्याच भीतीने खणलेला असतो. भीती घाणीची असती तर दोन वर्षांनी झालेल्या मातीला हात लावावयास कोणाची ना नसती.

या भीतीशी उघड झुंज देणारा माणूस कोकणात होऊन गेला. आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही म्हणून तुरुंगाने नाकारले. आप्पांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी त्याच डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपोषण आरंभिले. सरकारला नमावे लागले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी आयुष्य या कामाला दिले व संडासाचे नमुने तयार केले. देहूच्या वायूसंडासाच्या मुळाशीही त्यांचेच प्रयोग आहेत. आप्पांचे मर्म असे, की उपदेशाने मन पालटेल तेव्हा पालटेल, पण संडासच असा बांधा की दुसऱ्या माणसाने त्यात हात घालण्याची वेळच येऊ नये. मुंबई सरकारने १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीपासून पाहिले तर समित्या पुष्कळ झाल्या. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा आणि टोपलीचे संडास यांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ साली आला, आणि त्याहून व्यापक कायदा २०१३ साली.

टोपली गेली, पण माणूस टाकीत उतरायचा थांबला नाही. बंद टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला तर नाकच बधिर होते व वास येईनासा होतो. माणसाला वाटते, आता हवा निवळली. हा वायू हवेहून जड, म्हणून तळाशी साचतो. गाळ ढवळला की एकदम उसळतो. आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वरचा धावतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा मृतांची संख्या बहुधा एक नसते, ती यामुळे. तोंडाला रुमाल बांधल्याने किंवा टाकीत पेटती काडी टाकून पाहिल्याने रक्षण होत नाही. काडीने तर मिथेन पेटण्याचा धोका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकी वा गटार साफ करण्यास उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हा कायदा नगरपरिषदेला आहे तसा घरमालकालाही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली हे योग्यच; परंतु ती देण्याचा प्रसंग ज्या टाकीमुळे येतो ती टाकी अजून नव्याने बांधली जात आहे.

आता, टाक्या आहेत त्या आहेत. लहान शहरांतून जागा अरुंद, घराला घर लागलेले. तेथे दुहेरी खड्ड्याला वाव नसतो. मग नगरपरिषदेने काय करावे? टाकी तुंबली की नागरिकाने फोन करावा, खाजगी टँकरने येऊन मैला ओढावा आणि अंधारात एखाद्या ओढ्याला ओतावा, ही सध्याची सर्वत्रची रीत. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपरिषदांनी ती मोडून दाखविली. त्यांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने तीन वर्षांचा फेरा ठरविला. गाडी आळीआळीने, तक्रारीची वाट न पाहता, पाळीप्रमाणे घराशी येते, टाकी उपसते आणि मैला शुद्धीकरण केंद्रावर नेऊन देते. खर्च करातून भागविला जातो. टाकी उपसणे हे संकट न राहता घंटागाडीसारखी नेहमीची बाब होते, ही या योजनेतील खरी शहाणपणाची गोष्ट.

याचा हिशेब कोणाही मुख्याधिकाऱ्याला कागदाच्या एका पानावर करता येईल. समजा, गावात सहा हजार टाक्या आहेत. तीन वर्षांत सर्व व्हायच्या तर वर्षाला दोन हजार; कामाचे दिवस तीनशे धरले तर दिवसाला सात. एक गाडी दिवसाला तीन-चार खेपा करते, म्हणून दोन गाड्या पुरे. टाकीमागे चार हजार लिटर धरले तर केंद्राला रोज अठ्ठावीस हजार लिटर घ्यावे लागेल. केंद्रासाठी भारी यंत्रच पाहिजे असेही नाही. वाळू-खडीच्या वाफ्यांवर मैल्याचा वीतभर थर पसरला तर पाणी खाली गळते, वरचा भाग उन्हात साधारण पंधरवड्यात वाळतो; गळलेले पाणी वेगळे शुद्ध करावे आणि वाळलेला थर गावच्या ओल्या कचऱ्याबरोबर रचून तापू द्यावा. बंगलोरजवळच्या देवनहळ्ळी या गावी २०१५ पासून असे केंद्र चालविण्यात आले. पावसाळ्यात वाफ्यांवर छप्पर लागते, एवढे ध्यानात ठेवावे. आसपासच्या खेड्यांनीही आपल्या टाक्यांचा मैला त्याच केंद्रावर पाठवावा. प्रत्येक ग्रामपंचायतीने वेगळे केंद्र काढण्यात अर्थ नाही.

कचरा आणि मैला एकत्र रचण्याची ही युक्ती नवी नाही. चि. ना. आचार्य यांनी १९३९ साली बंगलोर येथे ती शास्त्रशुद्ध करून दिली. आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, पुण्याचा मैला राखेत मिसळून खत होत असे व भोवतालचे ऊसवाले ते विकत घेत. मराठीने या खताला 'सोनखत' हे नाव उगाच दिलेले नाही. त्या काळच्या पद्धतीत मैला वाहणाऱ्या माणसाचे हाल होते, ती पद्धत परत यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्यातील नत्र आणि स्फुरद नदीत सोडायचे आणि मग तेच पोत्यांतून विकत आणायचे, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला पटण्यासारखा नाही.

ज्यांच्याकडे दोन खड्डे आहेत, आणि पहिला बंद करून दोन वर्षे झाली आहेत, त्यांनी तो उघडण्याचा हंगाम हाच. होळीनंतर आणि वळवाच्या पावसाआधी, जमीन कोरडी असते आणि विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. झाकण काढून एक दिवस उघडे ठेवावे, वरचा हात-दीड हात थर प्रथम काढून पाहावा. माती ओली लागली किंवा वास आला तर दोन्ही खड्ड्यांमधील झिरप तपासावी आणि झाकण लावून पुढच्या वर्षापर्यंत थांबावे. कोरडी, काळी माती निघाली तर ती आठवडाभर उन्हात पसरून नारळ, आंबा, केळी यांच्या बुडाशी द्यावी. कच्च्या खाण्याच्या कोथिंबीर-मुळ्याला देऊ नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. एका खड्ड्याचा संडास असणाऱ्यांना दुसरा खड्डा व कुंडी जोडून घेण्यास फार खर्च येत नाही, आणि स्वच्छ भारत मोहिमेच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात अशा दुरुस्तीचा समावेश केलेला आहे. मात्र जोडताना जुना खड्डा विहिरीपासून किती पावलांवर आहे, ते आधी मोजून घ्यावे.